महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत विंडोजमधलाच अँटिव्हायरस पुरेसा आहे का?

अनेरकाठ

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सहायक आहे. दोन प्रयोगशाळांत मिळून 52 संगणक आहेत, शिवाय ग्रंथालयात 4 आणि कार्यालयात 6 आहेत. या सर्वांवर असलेल्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत येत्या महिन्यात संपते. दरवेळेप्रमाणे तीन दरपत्रके मागवून मी फाइल पुढे पाठवली, तेव्हा प्राचार्यांनी त्यावर एकच प्रश्न लिहून ती परत केली : "विंडोजसोबत डिफेंडर येत असताना हा खर्च कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचे प्रामाणिक उत्तर खरेदी समितीपुढे ठेवायचे आहे. अडचण अशी की, मी स्वतः विंडोज एक्सपीच्या काळात हे काम शिकलो. विंडोज टाकले की लगेच अँटिव्हायरस टाकायचा आणि मगच इंटरनेटची केबल जोडायची, ही सवय हाताला लागलेली आहे. पण सवय म्हणजे कारण नव्हे. दुसऱ्या बाजूला, आमचे विद्यार्थी अडावद, धानोरा, लासूर अशा गावांतून एसटीने येतात आणि त्यांच्या खिशातला पेनड्राइव्ह आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला लागून आलेला असतो. अशा ठिकाणी डिफेंडर टिकतो का, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.

गिरणाई

मी जळगावात संगणकशास्त्र शिकवते. आपला प्रश्न दहा वर्षांपूर्वी विचारला असता, तर मी विकतचे घ्या असेच म्हटले असते, आणि त्याला कारण होते. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या डिसेंबरमध्ये एका छोट्या कंपनीचे हेरगिरीविरोधी सॉफ्टवेअर विकत घेतले आणि 2006 मध्ये ते विंडोज डिफेंडर या नावाने आणले. तेव्हा ते अँटिव्हायरस नव्हतेच, केवळ स्पायवेअर पकडत असे. पूर्ण अँटिव्हायरस म्हणून 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शिअल्स आले, आणि 2012 च्या विंडोज 8 पासून ती सर्व क्षमता डिफेंडरमध्येच घातली गेली. त्या सुरुवातीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याचे संरक्षणाचे गुण अगदी तळाला असत, आणि "फुकटचे ते कामाचे नाही" हे मत लोकांच्या मनात तेव्हाच पक्के झाले.

आज ते मत जुन्या गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याची पारख करण्यासारखे आहे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी 6 असे एकूण 18 गुण देते, आणि गेल्या काही वर्षांत डिफेंडरने तेथे अनेकदा पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. त्यामुळे मूळ क्षमतेबद्दल आपण समितीला निःशंकपणे सांगू शकता. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे आपल्या 62 संगणकांवर हा डिफेंडर आज जिवंत आहे का आणि उद्याही राहील का.

लळिंग

धुळे आणि साक्री भागात मी शाळा-महाविद्यालयांची संगणक देखभाल करतो. गिरणाई मॅडमांचा मुद्दा मला मान्य आहे, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. डिफेंडरची बरीच ताकद क्लाउडमध्ये आहे. अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि तिकडून उत्तर येईपर्यंत ती फाइल रोखून धरतो. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था इंटरनेट जोडलेले असताना आणि तोडलेले असताना अशा दोन्ही स्थितींत चाचणी घेते, आणि त्यात डिफेंडरचे तोडलेल्या स्थितीतले प्रमाण जोडलेल्या स्थितीपेक्षा स्पष्टपणे कमी येते. शहरातल्या फायबर असलेल्या महाविद्यालयाला याने फरक पडत नाही. पण ज्या प्रयोगशाळेत वीज गेली की राउटर बंद पडतो आणि सहा संगणक एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात, तिथे याचा गांभीर्याने विचार करावा लागतो.

विकतच्या उत्पादनाचा दुसरा फायदा म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण. एका पडद्यावर 60 संगणकांची स्थिती दिसते, कोणता अद्ययावत नाही ते कळते. डिफेंडरसाठीही मायक्रोसॉफ्टची तशी व्यवस्था आहे, मात्र तिचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. मोफत मिळतो तो प्रत्येक यंत्रातला रखवालदार; सगळ्या रखवालदारांची हजेरी घेणारा मुकादम मोफत नाही.

आणखी एक. खर्च वाचवायचा म्हणून कोणी इंटरनेटवरचे दुसरे एखादे मोफत अँटिव्हायरस टाकण्याचे सुचवेल, तर तसे करू नये. त्यांतील बहुतेकांचा परवाना केवळ घरगुती वापरासाठी असतो. डिफेंडर हा विंडोजचाच भाग असल्याने विंडोजचा परवाना खरा असेल, तर महाविद्यालयाला वेगळा परवाना लागत नाही.

पांझरा

लळिंग भाऊंच्या शेवटच्या वाक्यातील "विंडोजचा परवाना खरा असेल तर" या शब्दांवर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

मी एका महाविद्यालयात रुजू झालो तेव्हा प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर घड्याळाशेजारची डिफेंडरची ढाल हिरव्या खुणेसह दिसत होती. व्याख्या (म्हणजे विषाणू ओळखण्याची माहिती) अद्ययावत, रिअल-टाइम संरक्षण चालू, सगळे जसे हवे तसे. तरीही दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या संगणकावर ब्राउझरचे मुखपृष्ठ बदललेले असे, जाहिराती उघडत, आणि संगणक कारणाशिवाय घरघरत राही. मी पूर्ण स्कॅन लावला, तर तो आश्चर्य वाटावे इतक्या लवकर संपला. काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून डिफेंडरच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी असलेले "एक्सक्लूजन्स" हे पान उघडले. तिथे एकच ओळ होती : सी ड्राइव्ह. अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला होता.

असे का झाले, ते नंतर उलगडले. विंडोज आणि ऑफिस विकत न घेता चालू करण्यासाठी जी फाइल वापरली जाते, ती डिफेंडर हॅकटूल म्हणून ओळखतो आणि काढून टाकतो. पूर्वी ज्याने ही यंत्रे भरून दिली, त्याने ती फाइल टिकावी म्हणून आधी ड्राइव्ह वगळला आणि मग त्याच ड्राइव्हची हुबेहूब प्रत सर्व संगणकांवर उतरवली. ढाल खोटे बोलत नव्हती. तिला सी ड्राइव्ह पाहूच नकोस असे सांगितलेले होते. विकतचे कोणतेही अँटिव्हायरस आणले असते, तरी तो माणूस तिथेही हेच करून गेला असता. आम्ही सर्व यंत्रे पुसून, खऱ्या परवान्याचे विंडोज टाकून नव्याने सुरुवात केली. अनेरकाठ सर, खरेदी समितीपुढे जाण्याआधी आपण आपल्या प्रत्येक संगणकावर ही यादी स्वतः उघडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अनेरकाठ

पांझरा भाऊ, आपला प्रतिसाद वाचून काल सायंकाळी प्रात्यक्षिके संपल्यावर मी पाहणी केली. आमच्याकडे संपूर्ण ड्राइव्ह कुठेही वगळलेला नाही, पण 9 संगणकांवर "डाउनलोड्स" हे फोल्डर वगळलेले आढळले, आणि बाहेरची वस्तू आत येते ती त्याच दारातून. ही नोंद मी केलेली नाही, तरी जबाबदारी माझीच आहे, कारण आमचे विद्यार्थी आजवर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावरच काम करत आले. नेहमीच्या साध्या खात्यातून डिफेंडर बंद करता येत नाही की यादीत भर घालता येत नाही, हे मला ठाऊक होते. टर्बो सी हे प्रोग्रामिंगचे जुने सॉफ्टवेअर चालताना अडचण येते म्हणून मी खाती तशीच ठेवली होती.

आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. ग्रंथालयातील दोन संगणकांवर आधीच्या कंपनीचे, मुदत संपलेले अँटिव्हायरस अजून तसेच आहे. तिथे डिफेंडरही बंद दिसतो. असे का व्हावे?

गिरणाई

विंडोजमध्ये दुसरे अँटिव्हायरस नोंदवले गेले की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, कारण दोघांनी एकाच वेळी प्रत्येक फाइल पकडली तर संगणक जागचा हलत नाही. ते दुसरे उत्पादन काढून टाकले किंवा त्याने काम थांबवले, की डिफेंडर पुन्हा उभा राहतो, अशी रचना आहे. पण मुदत संपलेले उत्पादन पूर्ण न थांबता जुन्या व्याख्यांवर रेंगाळत राहिले, तर विंडोजला वाटते की राखणदार अजून जागेवर आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या संगणकाची गत होते. ते उत्पादन त्याच्या कंपनीने दिलेल्या काढणी-साधनाने समूळ काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि डिफेंडर चालू झाल्याची खात्री डोळ्यांनी करून घ्यावी. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करण्याचे ठरले, तर ही पायरी 62 संगणकांवर करावी लागेल. त्यासाठी सुटीचा दिवस राखून ठेवा.

गोमाई

मी शहादा तालुक्यातून लिहितो. लळिंग भाऊंनी इंटरनेटचा मुद्दा मांडला त्याला माझा अनुभव जोडतो.

आमच्या एका प्रयोगशाळेत 20 जुने संगणक आहेत. त्यातील 7 संगणकांवर डिफेंडरच्या व्याख्या काही केल्या अद्ययावत होत नव्हत्या. बाकीचे 13 त्याच स्विचवर, त्याच इंटरनेटवर सुरळीत चालत होते. अपडेट दाबले की थोडा वेळ ठिपके फिरत आणि मग त्रुटी येई. मी केबल बदलल्या, विंडोज अपडेटची सेवा पुन्हा सुरू करून पाहिली, दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने सहज म्हटले, "सर, या कम्प्युटरवर तारीख चुकीची आहे." पाहतो तर खाली कोपऱ्यात 1 जानेवारी आणि अनेक वर्षांपूर्वीचे साल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. मुख्य स्विच बंद केला की घड्याळ मागे जाई, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विंडोजला अवैध वाटते. मग अपडेट कुठून येणार? सीआर-2032 क्रमांकाचे सात सेल बाजारातून आणून बसवले, तारीख लावली, आणि त्याच दुपारी सातही संगणक अद्ययावत झाले. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, प्रयोगशाळा दीड-दोन महिने कुलूपबंद असते. जूनमध्ये उघडल्यावर मी आता सर्वांत आधी तारीख पाहतो.

जिथे इंटरनेट खरोखरच नाही, तिथेही मार्ग आहे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या व्याख्यांची संपूर्ण फाइल आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवते. ती शंभर एमबीहून मोठी असते. 32-बिट आणि 64-बिट यंत्रांसाठी वेगवेगळी असते. एका चांगल्या जोडणीवर ती उतरवून घ्यावी आणि प्रयोगशाळेतील एका संगणकावरच्या सामायिक फोल्डरमधून बाकीच्यांनी चालवावी. मी हे दर सोमवारी पहिल्या तासिकेआधी करतो. लळिंग भाऊ म्हणतात तशी क्लाउडची मदत यात मिळत नाही, हे खरे आहे, पण तीन महिने जुन्या व्याख्यांपेक्षा आठवड्याच्या व्याख्या फारच बऱ्या. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ती जोडणी "मीटर्ड" म्हणून नोंदली गेली आहे का तेही पाहावे, कारण तशी नोंद असल्यास विंडोज डेटा वाचवण्यासाठी अद्यतने मागे ठेवते.

वाघूर

मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी आहे. विषयाला धरून एक शंका. वसतिगृहातील माझ्या लॅपटॉपवर सी भाषेत फाइल हाताळणीचा प्रोग्राम लिहिला. कम्पाइल झाला, चालला, आणि क्षणात त्याची एक्झी फाइल, म्हणजे तयार झालेला चालता प्रोग्राम, नाहीशी झाली. डिफेंडरच्या इतिहासात "ट्रोजन… वाकाटाक" असे काहीतरी लिहून आले. प्रोग्राम पूर्णपणे माझा आहे. मी डिफेंडर बंद करून जर्नल पूर्ण केले. हे चूक झाले का?

गिरणाई

प्रोग्राम तुझाच आहे यावर माझा विश्वास आहे. नावाच्या शेवटी "एमएल" ही अक्षरे असतील, तर तो निकाल नेमक्या ओळखीवरून नव्हे तर यांत्रिक अनुमानावरून दिलेला असतो. आत्ताच जन्मलेली, कोणाचीही डिजिटल सही नसलेली, जगात दुसरीकडे कुठेही न दिसलेली एक्झी फाइल त्या अनुमानाला संशयास्पद वाटते, आणि विद्यार्थ्याने कम्पाइल केलेला प्रत्येक प्रोग्राम नेमका तसाच असतो.

मात्र डिफेंडर बंद करणे हा उपाय नव्हे. इतिहासात जाऊन ती फाइल परत आणता येते. सरावासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून तेवढेच वगळता येते, फक्त त्यात स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामखेरीज काहीही ठेवायचे नाही आणि वर्ष संपले की ती नोंद काढायची. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक यंत्रावर असे एकच फोल्डर ठेवले आहे आणि त्याचे नाव फळ्यावर लिहिलेले असते. शिकवताना मी आणखी एक करते. आयकार नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ आहे, जी सर्व अँटिव्हायरस एकमताने विषाणू म्हणून पकडतात. ती नोटपॅडमध्ये लिहून जतन करायला सांगितली, की डिफेंडर जागा आहे का ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

लळिंग

अनेरकाठ सरांच्या पेनड्राइव्हच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे.

आपल्या भागात आजही सर्वाधिक आढळतो तो शॉर्टकटचा विषाणू. सबमिशनच्या आदल्या दिवशी मुलगी रडवेली होऊन येते, पेनड्राइव्ह उघडते, आणि "प्रोजेक्ट" या फोल्डरच्या जागी त्याच नावाचा, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेला, एक-दोन केबीचा शॉर्टकट असतो. तिचे मूळ फोल्डर कुठेही गेलेले नसते, केवळ लपवलेले असते. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की मागे दडलेली स्क्रिप्ट आधी चालते आणि मग फोल्डर उघडते, म्हणून कोणाला शंका येत नाही. अद्ययावत डिफेंडर ही स्क्रिप्ट चालण्याआधीच बहुतेक वेळा पकडतो. तो शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढतो, पण लपवलेली फोल्डरे पुन्हा दाखवत नाही, आणि इथे गैरसमज होतो : विद्यार्थिनीला वाटते की अँटिव्हायरसने प्रोजेक्टच पुसला. अशा वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. कमांड प्रॉम्प्टमध्ये "ॲट्रिब" ही आज्ञा देऊन लपवण्याचे गुणधर्म काढले की सगळे जागेवर दिसते.

एक बारकावा सांगतो. डिफेंडरच्या पूर्ण स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह मुळात धरलेला नसतो. त्यातील फाइल उघडताना ती तपासली जाते, पण संपूर्ण पेनड्राइव्ह तपासायचा असेल, तर त्यावर उजवी कळ दाबून स्वतंत्र स्कॅन करावा लागतो. आम्ही एका महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या दाराशी एक जुना संगणक केवळ याच कामासाठी ठेवून दिला आहे.

सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले "यूएसबी प्रतिरोध" हे साधनही आहे. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरून ते मोफत मिळते, आणि त्याने कोणता पेनड्राइव्ह कोणी वापरावा यावर बंधन घालता येते.

सातपुडा

धडगाव परिसर. आमच्याकडे रीबूट केल्यावर संगणक जसाच्या तसा पूर्वस्थितीत आणणारे सॉफ्टवेअर आहे. विद्यार्थ्याने काहीही केले तरी सकाळी यंत्र स्वच्छ असते. याचा एक तोटा लक्षात ठेवावा : डिफेंडरने दिवसभरात घेतलेल्या व्याख्याही त्यासोबत पुसल्या जातात आणि दररोज त्याच पुन्हा उतरवाव्या लागतात. आठवड्यातून एकदा त्या सॉफ्टवेअरचे कुलूप काढून विंडोज आणि डिफेंडर दोन्ही अद्ययावत करून पुन्हा कुलूप लावणे, हे काम वेळापत्रकात लिहून ठेवले आहे.

तितूर

मी चाळीसगाव भागातील एका महाविद्यालयात कार्यालय सांभाळते. तांत्रिक माहिती मला कमी आहे, तरी एक विनंती करते. प्रयोगशाळा आणि कार्यालय यांना एकाच मापाने मोजू नका. प्रयोगशाळेतील संगणक बिघडला तर तो पुन्हा भरता येतो. आमच्या संगणकांत प्रवेशाच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगारपत्रके आणि मुलांच्या जातप्रमाणपत्रांच्या प्रती असतात. एका सकाळी आमच्या लेखाविभागातील संगणकावरच्या सर्व फाइलींची नावे बदललेली आढळली आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी पडद्यावर होती. त्या संगणकावर मुदतीतले, विकतचे अँटिव्हायरस होते. आम्ही पैसे दिले नाहीत. जे वाचले ते केवळ एका सहकाऱ्याने दर शनिवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घेऊन ती कपाटात ठेवण्याची सवय लावून घेतली होती म्हणून. मधल्या चार दिवसांची कामे आम्ही पावतीपुस्तकांवरून हाताने पुन्हा भरली.

गिरणाई

ताई, आपण लिहिले ते फार मोलाचे आहे. डिफेंडरमध्ये "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" नावाची सोय 2017 पासून आहे. निवडलेल्या फोल्डरांतील फाइलींना अनोळखी प्रोग्राम हात लावू शकत नाही. ती मुळात बंद असते, कार्यालयातील संगणकांवर ती जरूर चालू करावी. पण कपाटातील त्या हार्डडिस्कची जागा ती घेऊ शकत नाही.

आणि अद्यतनांबद्दलही. मे 2017 मधील वॉनाक्राय हा फाइली अडवून पैसे मागणारा विषाणू विंडोजच्या ज्या छिद्रातून जगभर पसरला, त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, त्यांचे संगणक एकाच नेटवर्कवरून एकामागून एक पडले. प्रयोगशाळेत सारे संगणक एकाच नेटवर्कवर असतात, म्हणून विंडोजचे अद्यतन हा अँटिव्हायरसइतकाच महत्त्वाचा भाग समजावा.

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. टिपण तयार झाले आहे. त्यात काय लिहिले ते येथे मांडतो, चूक असल्यास दाखवावी.

प्रयोगशाळा आणि ग्रंथालयातील 56 संगणकांसाठी अँटिव्हायरसचे नूतनीकरण करू नये, डिफेंडर वापरावा, अशी शिफारस केली आहे. कार्यालयातील 6 संगणकांनाही तोच चालेल, मात्र वाचलेल्या रकमेतून त्यांच्यासाठी दोन बाह्य हार्डडिस्क घ्याव्यात. एक कार्यालयात आणि एक प्राचार्यांच्या कपाटात, आलटून पालटून. विद्यार्थ्यांची खाती साधी केली जातील. मुकादम मोफत मिळत नाही, हे लळिंग भाऊंचे म्हणणे मी टिपणात स्पष्ट लिहिले आहे : दर सोमवारी प्रत्येक संगणकावरील व्याख्यांची तारीख, वगळलेल्या फोल्डरांची यादी आणि घड्याळ पाहून मी नोंदवहीत सही करीन, आणि महिनाअखेर विभागप्रमुख ती तपासतील. हे काम वेळ घेणारे आहे, ते माझ्या कामाच्या यादीत अधिकृतपणे धरले जावे, असेही लिहिले आहे.

एक विषय मात्र पैशांशिवाय सुटत नाही. आमचे 18 संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, कारण त्यांत टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. डिफेंडरच्या व्याख्या त्यावर ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहतील, पण खालच्या विंडोजची छिद्रे बुजणार नसतील तर नुसत्या व्याख्या किती पुरणार? शिक्षणसंस्थांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतने पहिल्या वर्षी प्रति संगणक 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर दराने आहेत. ती घ्यावीत आणि या मुदतीत टप्प्याटप्प्याने यंत्रे बदलावीत, असा प्रस्ताव जोडला आहे.

समितीची बैठक गुरुवारी आहे. त्याआधी शनिवारी ग्रंथालयातील ते दोन संगणक मोकळे करतो. गोमाई भाऊ, सामायिक फोल्डरमधून व्याख्या चालवण्यासाठी आपण जी छोटी बॅच फाइल वापरता, तिच्यातील ओळी येथे लिहिल्यात तर मोठी मदत होईल.

गोमाई

आज रात्री लिहितो. सेल मात्र आधी तपासा.